उपग्रहातून कांदळवनांची मोजणी: आकडा कसा येतो आणि का बदलतो

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ सालच्या अहवालात देशातील कांदळवनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या रानांचे, क्षेत्र ४,९९२ चौरस किलोमीटर दिले आहे आणि २०२३ सालच्या अहवालात ४,९९१.६८. वजाबाकी केली तर फरक एका चौरस किलोमीटरचाही भरत नाही. तरीही नव्या अहवालात मागील पाहणीच्या तुलनेत ७.४३ चौरस किलोमीटरची घट नोंदवलेली आहे. महाराष्ट्राच्या ओळीपाशी वाचक आणखी बुचकळ्यात पडतो. आधीच्या अहवालात ३२४, नंतरच्या अहवालात सुमारे ३१५, आणि त्याच ओळीत पुढे लिहिलेले की राज्यातील कांदळवन १२.३९ चौरस किलोमीटरने वाढले.

हा छपाईचा दोष नव्हे आणि कोणी काही लपवल्याचाही प्रकार नव्हे. नवी पाहणी करताना जुना नकाशा पुन्हा तपासला जातो, त्यातील चुका दुरुस्त होतात आणि वाढ किंवा घट काढायची ती या दुरुस्त केलेल्या जुन्या आकड्यापासून काढली जाते. ४,९९१.६८ मध्ये ७.४३ मिळवले की ४,९९९.११ येतात, म्हणजे २०२१ चा आकडा छापील अहवालात ४,९९२ राहिला असला, तरी हिशेबात तो त्याहून मोठा झालेला होता. महाराष्ट्राचा जुना आकडा याउलट खाली आला. एका देशाच्या एका खात्याच्या लागोपाठच्या दोन अहवालांत असे घडते, तर वेगवेगळ्या संस्थांनी, वेगवेगळ्या उपग्रहांच्या आधारे, वेगवेगळ्या वर्षी केलेल्या जगाच्या नकाशांत काय होत असेल, याची कल्पना करता येते.

जगाचे आकडे असे आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहाने पृथ्वीवर १,८१,००० चौरस किलोमीटर कांदळवन असल्याचे सांगितले. २०१० सालच्या दुसऱ्या नकाशासंग्रहात ते १,५२,३६१ झाले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील चंद्र गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅट उपग्रहाची सुमारे हजार दृश्ये तपासून २००० सालासाठी १,३७,७६० हा आकडा २०११ मध्ये मांडला. ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१८ मध्ये २०१० सालासाठी १,३७,६०० दिला, आणि त्याच उपक्रमाच्या सुधारित, तिसऱ्या आवृत्तीत २०२० साठी १,४७,३५९ आला. हे पाच आकडे एका ओळीत मांडून आलेख काढला, तर जगातील कांदळवन आधी कोसळले आणि मग सावरले, असे चित्र उभे राहील. ते चित्र पूर्णपणे खोटे असेल. यातील बहुतांश चढउतार झाडांचे नाहीत, मोजणीच्या पद्धतीचे आहेत. सुरुवातीचा आकडा निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या वर्षी आणि निरनिराळ्या प्रमाणावर केलेले नकाशे जोडून आलेला होता. शेवटचे तीन आकडे उपग्रहचित्रांवरून, प्रत्येक वेळी साऱ्या जगाला एकच कसोटी लावून काढलेले आहेत. कांदळवन किती आहे आणि ते किती बदलले, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुसरा पहिल्याहून कितीतरी अवघड आहे. तो अवघड का, हे समजण्यासाठी उपग्रहाला मुळात काय दिसते, तेथून सुरुवात करावी लागते.

नऊ गुंठ्यांचा एक ठिपका

सरकारी कागदांत कांदळवन, वर्तमानपत्रांत खारफुटी आणि खाडीकाठच्या बोलण्यात तिवर. खरे तर तिवर, चिपी आणि कांदळ ही वेगवेगळी झाडे आहेत. पण भरतीच्या खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या या सगळ्या मंडळींना जगाच्या नकाशात एकच रंग मिळतो.

उपग्रहाचे चित्र चौकोनी ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनलेले असते. लँडसॅटच्या चित्रातील एक पिक्सेल जमिनीवर तीस मीटर बाय तीस मीटर असतो. शेतीच्या हिशेबात सांगायचे तर जवळपास नऊ गुंठे. या नऊ गुंठ्यांत काय काय आहे, ते उपग्रह वेगवेगळे सांगत नाही. अर्ध्या भागात तिवर, पाव भागात चिखल आणि उरलेल्या भागात खाडीचे पाणी असले, तरी त्या सगळ्यांची मिळून एकच सरासरी नोंद होते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे साधारण एका गुंठ्याचा. भारतीय वन सर्वेक्षण आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाची साडेतेवीस मीटरची चित्रे वापरते आणि एक हेक्टरहून लहान तुकडा नकाशात धरत नाही. सुंदरबनासारख्या सलग रानात याने फारसे बिघडत नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र कांदळवन पुष्कळदा खाडीच्या काठाने किंवा खाजणाच्या बांधालगत दोन-चार झाडांच्या रुंदीची किनार होऊन जाते. ती किनार कितीही लांब असली, तरी नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात पाणी आणि चिखल यांच्यात विरघळून जाण्याची शक्यता मोठी असते.

प्रत्येक पिक्सेलसाठी उपग्रह प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांतील परावर्तन मोजतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते. म्हणून अभ्यासक अवरक्त पट्ट्याला लाल रंग देऊन जे चित्र तयार करतात, त्यात झाडी लालभडक दिसते. ठाण्याच्या खाडीचे असे चित्र समोर घेतले, तर येऊरच्या डोंगरावरचे जंगल आणि खाडीकाठचे तिवर दोन्ही लाल दिसतात. पण दुसऱ्याचा लाल रंग काळपट असतो, वाळलेल्या कोकमाच्या सालीसारखा. कांदळवनाच्या पानांखाली ओला चिखल आणि पाणी असते, आणि ओलावा अवरक्त प्रकाश, त्यातही निकट-अवरक्ताच्या पुढचा लघुतरंग अवरक्त पट्टा, गिळून टाकतो, हे त्याचे कारण. कोरड्या जमिनीवरील रान आणि खाऱ्या चिखलातील रान यांच्यातला भेद ओळखण्यासाठी या लघुतरंग पट्ट्याचा मोठा उपयोग होतो.

तरीही रंग एकटा पुरेसा नसतो. सप्टेंबरातले पाणी साचलेले भातशेत, दलदलीतले गोड्या पाण्याचे जंगल किंवा खाडीलगतची दाट माडाची वाडी ही सगळी याच कसोटीवर कमी-अधिक फसवतात. म्हणून रंगाला ठिकाणाची जोड द्यावी लागते. कांदळवन समुद्रापासून किंवा भरतीच्या पाण्यापासून फार दूर वाढत नाही, फार उंचावर वाढत नाही आणि कडाक्याची थंडी सहन करत नाही. उत्तरेला बर्म्युडा आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टोरिया किनारा या त्याच्या सीमा. समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्यापासूनचे अंतर आणि अक्षांश यांवरून आधी जगाच्या नकाशावर ‘येथे कांदळवन असू शकते’ असा पट्टा आखून घेतात आणि रंगाची परीक्षा त्या पट्ट्याच्या आतच घेतात. माथेरानच्या झाडीला कांदळवन ठरवण्याची चूक मग संगणक करूच शकत नाही.

परीक्षा घेण्याचे काम माणूस करत नाही. एवढे पिक्सेल तपासणे माणसाच्या आवाक्यातले नाही. माणूस नमुने देतो: हे ठिपके निश्चित कांदळवन, हे निश्चित नाहीत. त्यांवरून संगणक शेकडो ‘निर्णयवृक्ष’ तयार करतो. अवरक्त परावर्तन अमुक आकड्याहून जास्त आहे का, असेल तर उंची तमुक मीटरहून कमी आहे का, अशी प्रश्नांची एक साखळी म्हणजे एक निर्णयवृक्ष. प्रत्येक वृक्ष आपले मत देतो आणि बहुमत होईल तो शिक्का पिक्सेलवर बसतो. ग्रामसभेसारखीच ही पद्धत असून तिच्यातही नमुने एकाच बाजूचे निवडले गेले, तर निकाल त्या बाजूला झुकतो.

तिथी आणि उपग्रह

किनाऱ्यावरच्या नकाशांत एक अडचण अशी आहे, जी डोंगरातल्या जंगलाच्या नकाशात येतच नाही: येथील जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ढोबळ हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता उपग्रहाकडे वळू. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ यांच्या कक्षा अशा आखलेल्या आहेत, की प्रत्येक ठिकाणावरून ते नेहमी जवळपास त्याच स्थानिक वेळी जातात. आपल्या किनाऱ्यावर ती वेळ घड्याळात सकाळी अकराच्या आसपासची असते. हा हिशेब वरच्या हिशेबाला जोडला, की अडचण लगेच दिसते. चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दिवशी घेतलेल्या चित्रात खाडी उधाणाच्या पाण्याने काठोकाठ भरलेली असणार, आणि षष्ठी-सप्तमीच्या चित्रात ओहोटी असून चिखल उघडा पडलेला असणार. पहिल्या चित्रात कोवळी रोपे पाण्याखाली बुडाल्यामुळे तेथे पाणी असल्याची नोंद होईल. दुसऱ्या चित्रात तीच रोपे दिसतील, आणि कदाचित चिखलावरचे हिरवे शेवाळही झाडी म्हणून मोजले जाईल. एक चित्र २०१५ चे आणि दुसरे २०२० चे असेल, तर पाच वर्षांत कांदळवन वाढल्याची बातमी तयार होईल आणि तेथे एकही नवे झाड उगवलेले नसेल.

यात आणखी एक गंमत आहे, जी कोळीवाड्यातल्या कोणाच्याही चटकन लक्षात येईल. उधाणाच्या दिवसांची सर्वांत खोल ओहोटी आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि पहाटे येते. सकाळी अकराला येणाऱ्या उपग्रहाला ती कधीच भेटत नाही. त्या दिवसांत त्याच्या वाट्याला नेहमी भरतीच येते, आणि ओहोटी मिळते ती भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांतली, उथळ. म्हणजे वर्षभराची सगळी चित्रे जमवली, तरी कोकणच्या खाडीचा तळाकडचा भाग त्यांत उघडा दिसणार नाही. भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्यावर वेगळी असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या देशात याच्या नेमके उलट होते.

यावरचा उपाय म्हणजे एका चित्रावर विसंबायचे नाही. वर्षभरातील किंवा दोन-तीन वर्षांतील सगळी चित्रे एकावर एक रचून प्रत्येक पिक्सेलचे मधले मूल्य घ्यायचे. हे आज सहज होते, कारण २००८ सालापासून लँडसॅटचा सगळा साठा मोफत खुला झाला आणि एवढी चित्रे एकत्र चाळणारे संगणक उपलब्ध झाले. त्याआधी एकेक दृश्य विकत घ्यावे लागे, आणि संशोधक साहजिकच शक्य तितकी कमी दृश्ये घेऊन काम भागवत.

ढगांआड पाहणारे रडार

कांदळवने उष्ण आणि दमट प्रदेशांत असतात आणि तेथे ढग असतात. लँडसॅटचा एक उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच जागी परततो. कोकणात जून ते सप्टेंबर या काळातल्या जवळपास सगळ्या फेऱ्या वाया जातात, आणि गॅबन किंवा न्यू गिनीच्या किनाऱ्यांवर वर्षभरही स्वच्छ चित्र मिळणे कठीण असते. ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’ने म्हणून रडारचा आधार घेतला. जपानची अवकाश संस्था जाक्सा हिच्या पुढाकारातून २०११ मध्ये हे काम सुरू झाले आणि वेल्समधील अबेरिस्टविथ विद्यापीठ त्याच्या केंद्रस्थानी होते.

रडार उपग्रह सूर्यप्रकाशाची वाट पाहत नाही. तो स्वतः सूक्ष्मतरंग सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी मोजतो. जपानच्या रडारची तरंगलांबी सुमारे साडेतेवीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर आहे. एवढ्या लांबीचे तरंग ढगांतून आणि पानांतून सहज पार होतात आणि फांद्या, खोडे व खालचे पाणी यांच्यावर आपटून परततात. झाडे उभी असतात तेथे प्रतिध्वनी मोठा, म्हणून चित्रात उजेड. झाडे तोडून तेथे कोळंबीचे तळे केले, की शांत पाण्याचा सपाट पृष्ठभाग आरशासारखा तरंग दुसरीकडेच परावर्तित करतो, आणि चित्रात काळा चौकोन उमटतो. इंडोनेशियातील महाकाम नदीच्या त्रिभुज प्रदेशाचे चित्र अशा बांध घातलेल्या चौकोनांनी भरलेले आहे. निसर्ग सरळ रेषा आखत नाही, त्यामुळे हा बदल माणसाने केला, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

अर्थात रडारही फसते, आणि फसते ते नेमके सर्वांत समृद्ध रानात. कांदळाच्या जुन्या झाडांना खोडापासून सुटलेल्या कमानदार आधारमुळांचे इतके दाट जाळे असते, की तरंग त्यातच अडकून विरतात आणि परत येणारा प्रतिध्वनी क्षीण होतो. उंच, घनदाट कांदळाचे रान मग चित्रात अनपेक्षितपणे अंधारे दिसते. प्रकाशचित्र आणि रडार ही दोन्ही साधने एकत्र वापरण्यामागे असा अनुभव आहे.

या उपक्रमातील बदल मोजण्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. दोन वर्षांचे दोन स्वतंत्र नकाशे तयार करून त्यांची वजाबाकी करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत ठरते, कारण दोन्ही नकाशांच्या चुका वजाबाकीत येऊन साचतात. त्याऐवजी येथे २०१० सालचा एक पायाभूत नकाशा काळजीपूर्वक करण्यात आला. मग दुसऱ्या वर्षाचे रडारचित्र घेऊन दोनच प्रश्न विचारले गेले. पायाभूत नकाशात जेथे कांदळवन आहे, तेथे कोणत्या पिक्सेलचा प्रतिध्वनी झाडाला न शोभणारा आहे? आणि त्याच्या अवतीभवती जेथे कांदळवन नव्हते, तेथे कोणत्या पिक्सेलचा प्रतिध्वनी झाडासारखा झाला आहे? पहिल्याचे उत्तर म्हणजे घट, दुसऱ्याचे वाढ. ज्या पिक्सेलमध्ये काही घडल्याचा पुरावा नाही, त्याला हात लावला जात नाही.

एवढे करूनही जुन्या आवृत्तीत एक त्रास राहिला होता, तो चित्रे एकमेकांवर चपखल न बसण्याचा. १९९६ चे चित्र जेर्स-१ या जुन्या जपानी उपग्रहाचे आहे. खाडीच्या मधोमध असलेले एखादे लांबट कांदळवनाचे बेट घ्या. जुने चित्र नव्यावर ठेवताना एका पिक्सेलने पूर्वेकडे सरकले, तर बेटाच्या पूर्वेच्या काठावर एका पिक्सेलची घट आणि पश्चिमेच्या काठावर एका पिक्सेलची वाढ दिसू लागते. बेट जागचे हललेले नसते. पण अशा लाखो काठांची बेरीज केली, की हजारो चौरस किलोमीटरचे खोटे बदल तयार होतात. तिसऱ्या आवृत्तीत ही सरक शोधून काढून दुरुस्त करण्यात आली.

या उपक्रमाच्या मालिकेत १९९६ नंतर एकदम २००७ येते, आणि २०१० नंतर एकदम २०१५. त्यामागे कोणतेही शास्त्रीय रहस्य नाही. जेर्स-१ चे काम १९९८ मध्ये संपले, पुढचा जपानी रडार उपग्रह २००६ मध्ये गेला, तो २०११ मध्ये बंद पडला आणि त्याचा वारस २०१४ मध्ये आला. मधल्या वर्षांत वर कोणी पाहणारेच नव्हते.

किती घटले, आणि ते किती खात्रीने सांगता येते

तिसऱ्या आवृत्तीचा निष्कर्ष असा: १९९६ मध्ये जगात १,५२,६०४ चौरस किलोमीटर कांदळवन होते, २०२० मध्ये १,४७,३५९ उरले. निव्वळ घट ५,२४५ चौरस किलोमीटर, म्हणजे ३.४ टक्के.

हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. त्याच्या शेजारी त्याच संशोधकांनी दिलेले दुसरे आकडे क्वचितच उद्धृत होतात. नकाशाची एकूण अचूकता ८७.४ टक्के आहे. मात्र ‘येथे वाढ झाली’ असे सांगणाऱ्या पिक्सेलांची अचूकता ५८.१ टक्के आणि ‘येथे घट झाली’ असे सांगणाऱ्यांची ६०.६ टक्के आहे. बदलाचा शिक्का बसलेल्या दहा ठिकाणांपैकी चार ठिकाणी तो चुकलेला असू शकतो. २०२० च्या क्षेत्राला त्यांनी दिलेली मर्यादा सुमारे १,२८,००० ते १,६९,००० चौरस किलोमीटर इतकी रुंद आहे, आणि निव्वळ घटीची मर्यादा तर शून्य ओलांडून पलीकडे जाते. मला हा त्या अभ्यासाचा कमकुवतपणा वाटत नाही. बदल ३.४ टक्क्यांचा, तोही काठाकाठावरच्या पिक्सेलांत विखुरलेला; तो पंचवीस मीटरच्या ठिपक्यांतून मोजायचा म्हटले, तर अनिश्चितता एवढी असणारच, आणि ती आकड्यासोबत छापणाऱ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

‘निव्वळ’ हा शब्दही नीट वाचायला हवा. एका किनाऱ्यावरची तोड आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची वाढ त्यात एकमेकांना खाऊन टाकतात. भरतीच्या पाण्यातील पाणथळींचा, म्हणजे कांदळवने, खारट गवताळ दलदली आणि चिखलपट्टे या सगळ्यांचा मिळून, १९९९ ते २०१९ या काळातील एक अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात १३,७०० चौरस किलोमीटर गेले आणि ९,७०० नव्याने तयार झाले. निव्वळ घट ४,०००. केवळ शेवटचा आकडा वाचणाऱ्याला या उलथापालथीचा पत्ताही लागणार नाही. गेलेल्या रानातली जुनी झाडे, त्यांच्याखालच्या चिखलात साठलेला कार्बन आणि तेथली मासेमारी दुसऱ्या खंडातल्या कोवळ्या रोपांनी भरून निघत नाही, हे वेगळे सांगायला नको.

कारणे शोधताना काळाची मालिका उपयोगी पडते. नासाच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक लँडसॅट चित्रे चाळून २००० ते २०१६ या काळातील ३,३६३ चौरस किलोमीटर नाशाची वर्गवारी केली. त्यातील ६२ टक्के नाश जमिनीचा वापर बदलल्यामुळे, मुख्यतः कोळंबी, मासे, भात आणि तेलताडासाठी झाला होता, आणि माणसाने केलेल्या या नाशापैकी ८० टक्के इंडोनेशिया, म्यानमार, मलेशिया, फिलिपिन्स, थायलंड आणि व्हिएतनाम या सहा देशांत होता. याच काळात माणसाने होणारा नाश ७३ टक्क्यांनी मंदावला, हेही त्याच अभ्यासातून कळले.

माणसाचा हात न लागता रान कसे जाते, याचे उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातले आहे. २०१५ च्या अखेरीस कार्पेंटेरियाच्या आखातात हजार किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर सुमारे ७,४०० हेक्टर कांदळवन काही महिन्यांत उभ्या उभ्या वाळले. हा इतका निर्जन किनारा आहे, की घटनेचा आवाका उमगायला वेळ लागला. मग लँडसॅटच्या जुन्या चित्रांतून मागे जात हिरवेपणा कोणत्या महिन्यात ओसरला, ते काढता आले. त्या वर्षीच्या तीव्र एल निनोमुळे तेथील समुद्राची पातळी सुमारे वीस सेंटीमीटर उतरली होती. रोजच्या भरतीवर जगणाऱ्या झाडांपर्यंत पाणीच पोहोचेना. त्यात दुष्काळ आणि उष्णता. पुढे लँडसॅटची तीस-पस्तीस वर्षांची मालिका तपासल्यावर असेही आढळले, की चंद्राच्या कक्षेच्या डुलण्यामुळे भरतीची उंची साडेअठरा वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते आणि ऑस्ट्रेलियातील कांदळवनांची दाटी त्याच तालावर वरखाली होते. एल निनो त्या चक्राच्या उताराशी जुळून आला आणि रान गेले. पाच-दहा वर्षांच्या दोन नकाशांत हे चक्र कधीच दिसले नसते.

वाढीचीही अशी उदाहरणे आहेत. ॲमेझॉन नदी समुद्रात ओतते तो गाळ मोठमोठ्या चिखलपट्ट्यांच्या रूपाने दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडील गयानांच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे सरकत राहतो. पट्टा येतो तेथे कांदळवन उगवते, पट्टा पुढे गेला की लाटा तेच रान उपटून नेतात. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर उणे चार अंशांखालच्या थंडीचे दिवस कमी झाल्यामुळे १९८४ नंतरच्या लँडसॅट चित्रांत कांदळवन उत्तरेकडे पसरताना दिसते.

नकाशा आणि पन्नास मीटर

महाराष्ट्रात या नकाशांना कायद्याचे वजन आले, ते ६ ऑक्टोबर २००५ रोजी. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला बंदी केली, कांदळवनाच्या भोवती पन्नास मीटरपर्यंतचे बांधकाम थांबवले आणि कांदळवने नकाशावर निश्चित करून सरकारी जमिनीवरची वने संरक्षित करण्यास सांगितले. उपग्रहचित्रांवरून हे आरेखन करण्याचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे होते. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने अंतिम निकाल दिला.

पन्नास मीटर म्हणजे लँडसॅटचे दोन पिक्सेलही भरत नाहीत. जगाचा नकाशा कितीही चांगला असला, तरी बांधकामाची भिंत कांदळवनापासून चाळीस मीटरवर आहे की साठ, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी मीटरभर तपशिलाची चित्रे घ्यावी लागतात आणि ती गावनकाशावर बसवून प्रत्येक सर्व्हे नंबरात कांदळवन कोठून कोठपर्यंत आहे, ते ठरवावे लागते. तेथे पुन्हा तीच चपखल बसण्याची अडचण येते, कारण गावनकाशा साखळीने मोजून काढलेला आणि उपग्रहचित्र अक्षांश-रेखांशांत बांधलेले. शेवटी जीपीएस यंत्र घेऊन कोणाला तरी ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून काठावरच्या शेवटच्या तिवराजवळ उभे राहावेच लागते.

जागतिक पातळीवरही नकाशे बारीक होत आहेत. ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’ने २०२० चा पायाभूत नकाशा आता सेंटिनेल-२ च्या दहा मीटरच्या चित्रांवरून नव्याने केला आहे, आणि त्याच उपग्रहांवर आधारलेल्या सूचना ताजी तोड लवकर लक्षात आणून देतात. खाडीकाठच्या अरुंद किनारी आता अधिक प्रमाणात पकडल्या जातील, आणि त्यामुळे काही देशांचे आकडे एकाही नव्या झाडाशिवाय वाढतील. नव्या नकाशाशी तुलना करता यावी म्हणून जुन्या वर्षांचे आकडेही पुन्हा काढावे लागतील. मात्र पहिला सेंटिनेल-२ जून २०१५ मध्ये गेला, त्यामुळे १९९६ साठी हाताशी आहे ते जेर्स-१ चे भरड रडारचित्र आणि त्या वर्षीची ढगांतून सुटलेली लँडसॅटची दृश्ये, एवढेच.